मोजायचं नाही, तर जाब कशावर विचारायचा?

विकास आकड्यांत मावत नाही. उद्दिष्टांचा धाक बसला की यंत्रणा नुसते कागद रंगवते. तेव्हा प्रकल्पाला दिशा द्या, आकडे देऊ नका, असं एका विद्वानांनी नुकतंच मांडलं. टाळ्याही मिळाल्या. मला संताप आला, कारण ठेकेदाराला नेमकं हेच हवं असतं.

कागद रंगवले जातात हे खरं. पण रंगवलेला कागद खोटा पाडायलाही आकडाच लागतो. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालं. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी, असं उद्दिष्ट ठरलं. ते हुकलं आणि मुदत 2028 पर्यंत वाढवावी लागली. साल लिहिलेलं होतं म्हणून तर हुकलेलं दिसलं! ‘ग्रामीण जीवनमान उंचावणे’ एवढंच लिहिलं असतं, तर 2024 सालीच सत्काराचे हार चढले असते.

हे 55 लिटर गावात जाऊन पाहावेत. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 15 लिटरचे अठरा हंडे भरून वर थोडं. टाकीजवळच्या घरात धार जोरात येते. वाडीच्या टोकाला ती करंगळीएवढी होते. तिथं एका हंड्याला दहा मिनिटं लागत असतील, तर तासभर पाणी सोडूनही सहाच हंडे भरतात. माणशी 18 लिटर. हे त्या घरातली बाई हंडा आणि घड्याळ घेऊन कुणाही साहेबाच्या तोंडावर सिद्ध करू शकते. ‘दिशा’ चुकल्याचं ती कसं सिद्ध करणार?

नाला खोलीकरणाच्या वेळीही हाच वाद घालावा लागला होता. किती घनमीटर गाळ काढला ते फलकावर झळकायचं. मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरलं, ते कुणी विचारत नव्हतं. मोजलं म्हणून घोटाळा झाला नाही, भलतंच मोजलं म्हणून झाला.

आकड्यांनी माणसं पेटून उठत नाहीत, असाही एक मुद्दा आहे. टँकरमागे धावणाऱ्यांना तो ऐकवून पाहावा.

मग करायचं काय? जोडण्यांच्या संख्येऐवजी शेवटच्या घरातली धार उद्दिष्ट म्हणून लिहा. ती मे महिन्यात मोजा, आणि मोजणी गावातल्या बायकांकडे द्या. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू दे. तो 55 ला पोचेपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.