नॅनोचाचणी कागदावरची नाही



जनुकीय उत्परिवर्तन नॅनोकणांनी ओळखणे अजून कल्पनेतच आहे, हे गेल्या अंकातील लेखाचे विधान चुकीचे आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन आणि रॉबर्ट लेट्सिंगर यांच्या गटाने १९९७ मध्येच ते करून दाखवले. सोन्याच्या कणांवर डीएनएचे छोटे धागे बसवलेले असतात. पूरक धागा भेटला की कण एकत्र येतात आणि लाल द्रावण जांभळट होते. एकच बेस बेजोड असला, तर ही गाठ कमी तापमानालाच सुटते. फरक कळतो तो इथेच.

प्रयोगशाळेबाहेर काहीच आले नाही, हेही खरे नाही. सोन्याच्या कणांवर आधारलेल्या व्हेरिजीन चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये मान्यता दिली. रक्त गोठणे रोखणारे वॉरफरिन हे औषध शरीरात कसे पचेल, हे ती जनुकांवरून सांगते.

लेखातला खर्चाचा आक्षेप तेवढा रास्त. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक