सपाटीवरचे शूर

जळगावात पळणाऱ्यांची एक नवी जमात आहे. पहाटे मेहरूण तलावापाशी ती हमखास दिसते. पायांत भारी बूट, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ, आणि तोंडी एकच पालुपद : 'आपल्याकडे चढ कुठंय हो सरावाला?' मीही त्याच जमातीतला, म्हणून तिच्याविरुद्ध लिहायचा मला पुरेपूर हक्क आहे.

चढ नाही म्हणे! अहो, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग. खान्देश म्हणजे काठ असलेलं ताट आहे. आपण मात्र मधोमध बसून भरीत-पुरी खाणार आणि काठच नाही म्हणून ओरडणार!

या अज्ञानाचं फळ मला साताऱ्यात मिळालं. तिथली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ सालापासून होते. एकवीस किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. मेहरूणच्या सपाटीवर कमावलेला रुबाब दुसऱ्या वळणावर संपला. एक साठीच्या बाई 'चला काका, थोडंच राहिलंय' म्हणून पुढे निघून गेल्या. थोडं राहिलेलं नव्हतं, आणि मी त्यांचा काकाही नव्हतो.

परत आल्यावर मंडळींनी निदान केलं : 'चढानं गुडघे जातात.' साफ चूक! चढताना जमीन स्वतःच पायाला सामोरी येते, त्यामुळे पाऊल कमी आपटतं. दमतात ते फुप्फुसं आणि पोटऱ्या. खरा मार असतो उतारावर. तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात; म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठड्याला मिठी मारतो. गुन्हा उताराचा आणि फाशी चढाला, हा कुठला न्याय?

'पण आम्हाला मॅरेथॉन पळायचीय, डोंगर कशाला?' असंही विचारतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आठशे मीटरवाल्या पीटर स्नेललासुद्धा टेकड्यांवर पळवत. स्नेलनं १९६० साली रोमला आठशेचं सुवर्णपदक घेतलं, १९६४ साली टोकियोत आठशे आणि पंधराशे, दोन्ही. मैदानाच्या दोन फेऱ्यांसाठी ज्याला टेकडी लागली, त्याच्यापुढे आपले बेचाळीस किलोमीटर! आणि आपली कविता राऊत? नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराळ सावरपाड्याची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक. 'चढ कुठंय' असं विचारायची सोयच तिच्या गावात नव्हती.

कुणी म्हणतं, उड्डाणपूल आहे की! आहे, पण त्यावर ट्रकही आहेत. धूर छातीत भरून घेण्याला सराव म्हणत नाहीत.

खरं कारण वेगळंच आहे. चढावर घड्याळ आपली अब्रू घेतं. किलोमीटरला सहा मिनिटांचे नऊ होतात, मधे चालावं लागतं, आणि ते मित्रांना दाखवता येत नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून मी पळायला लागलो, आणि केव्हा घड्याळासाठी पळायला लागलो ते मलाच कळलं नाही. चालत चढलेल्या चढानंही साखर उतरते. उतरत नाही तो फक्त अहंकार.

म्हणून हल्ली दर रविवारी धुळ्याला साडूंकडे मुक्काम ठोकतो आणि उजाडायच्या आत लळिंगच्या किल्ल्याची वाट धरतो. घड्याळ साडूंच्या टेबलावर. आमच्या उन्हाळ्यात ऊन चढलं की माणसानं चढू नये, एवढं पथ्य पाळतो. तीन मिनिटं दमानं चढायचं, चालत उतरायचं; असं सहा वेळा.

परवा तिथल्या बकऱ्यांवाल्या म्हाताऱ्यानं मला अडवलं. 'काबरं पयी ऱ्हायना भाऊ? मांगे कोन लागेल शे?'

मी वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग उरलेला चढ मी चालतच चढलो, त्याच्या बकऱ्यांच्या मागून.