हूल केव्हा सोडावी?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. पोकरही त्यात आला. बंदी योग्यच, मात्र पोकरमधले गणित टाकाऊ नाही.

डावात १०० रुपये जमले असताना, हाती काहीच नसलेला खेळाडू आणखी १०० लावून हूल देतो. प्रतिस्पर्ध्याने निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकली, तरच ती फायद्याची. मुरलेला प्रतिस्पर्धी पहिल्या हुलीला बधला नाही, तर त्याची पाने बहुधा भक्कम असतात. मग दुसरी हूल देण्यापूर्वी हिशेब नव्याने मांडावा लागतो. आधी लावलेले पैसे त्या हिशेबात येत नाहीत. ते आता डावाचे असतात.

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकप्रणालीने चार नामांकित व्यावसायिकांना हरवले. तिला हूल देताना भीती नव्हती आणि सोडताना लाजही नव्हती. माणसाला ही लाजच महाग पडते. फसलेला प्रकल्प असो वा बुडता शेअर, गुंतवलेल्या पैशाच्या मोहाने तो आणखी ओतत राहतो. म्हणूनच हे गणित जुगाराच्या टेबलावरून उठून सांख्यिकीच्या वर्गात यायला हवे.