अर्ल ग्रे : काळ ओळखणारा उमराव

चार्ल्स ग्रे १७६४ सालीं उत्तर इंग्लंडांतील एका जमीनदार घराण्यांत जन्मला. १७९३ त त्यानें पार्लमेंटांत मांडिलेली निवडणूक-सुधारणेची सूचना २८२ विरुद्ध ४१ मतांनीं फेटाळली गेली. १८३० त, वयाच्या ६६ व्या वर्षीं, तो मुख्य प्रधान झाला. तेव्हां त्यानें तेंच कार्य पुन्हां हातीं घेतलें. उमरावांची सभा अडून बसली. परंतु नवे उमराव नेमण्यास राजानें संमति देतांच ती नमली. १८३२ च्या कायद्यानें ५६ नाममात्र मतदारसंघ रद्द झाले. बहुतेक श्रमजीवी मात्र मताधिकारावांचूनच राहिले. कारण उमरावशाही मोडावी हा ग्रेचा हेतु नव्हता, ती टिकावी हा होता. वाचकहो, अर्ध्याचा त्याग करणारा पंडित आपणांस परिचितच आहे. पण तो त्याग वेळेवर करणारे सत्ताधीश इतिहासांत विरळाच!