भरिताची कीर्ति आणि वांग्याचें बीं

खानदेशचें भरीत आतां खानदेशांतच राहिलेलें नाहीं. थंडी पडली म्हणजे पऱ्हाटीच्या जाळावर वांगीं भाजण्याचें सुख पूर्वी पाचोरा-भडगांवकडील मळेवाल्यांसच ठाऊक असे. हल्लीं पुण्यामुंबईच्या खाणावळी भरीत वाढतात व परदेशीं गेलेलीं आपलीं मुलें तेथेंही तें करतात. याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पदार्थ दूरवर गेल्यानें तो जेथला, तेथल्या शेतकऱ्याचें कल्याण होतेंच असें नाहीं.

जपानची सुशी पहा. शिरका घातलेला भात व त्यावर बहुधा कच्चा मासा, असा हा पदार्थ आज जगभर खाल्ला जातो. सामन मासा जपानी लोक पूर्वी सहसा कच्चा खात नसत. 1980 च्या दशकांत नॉर्वेनें आपला पाळीव सामन कच्चा खाण्यास निर्धोक असल्याचें जपानी बाजारास चिकाटीनें पटविलें, आणि आतां सुशींत तो सर्रास दिसतो. पदार्थ जपानचा, पैका नॉर्वेच्या मासेपालकांचा!

आपल्या वांग्यासही हाच प्रसंग आहे. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्यानें रक्षण होतें तें वांग्याच्या नांवाचें. भरीत कोणत्याही वांग्याचें केलें तरी कायदा आड येत नाहीं. दूरच्या खाणावळींत जांभळें वांगें गॅसवर भाजून 'खानदेशी भरीत' म्हणून पानांत पडतें व गिऱ्हाईक तृप्त होतें. बिचाऱ्यानें आपलें हिरवें, पांढऱ्या रेषांचें, थोड्या बियांचें वांगें चाखलेलेंच नसतें!

तें त्याच्यापर्यंत पोंचवावयाचें तर आधीं जात शुद्ध राहिली पाहिजे, आणि आमच्या मतें खरी हयगय येथेंच होते. वांग्याच्या फुलांवर मधमाश्या फिरतात. शेजारीं दुसरें वाण असलें कीं परागांची सरमिसळ होते, आणि कांहीं हंगामांत घरचें बीं घरचें राहत नाहीं. बियाण्याचीं झाडें इतर वांग्यांपासून निदान 200 मीटर दूर असावींत. फळ झाडावरच पिवळें पडेपर्यंत राखावें. कोंवळ्या फळाचें बीं नीट उगवत नाहीं.

दुसरें असें कीं, मानांकनाच्या नांवानें माल विकण्यासाठीं प्रत्येक शेतकऱ्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ज्यांच्या घरीं वाडवडिलांचें बीं अद्याप आहे त्यांनीं नोंदींतील क्षेत्र व वाणाचें वर्णन पाहून यंदाच अर्ज करावा, आणि बाजाराच्या तोडणीपूर्वीं दहावीस उत्तम झाडांस खुणा बांधून ठेवाव्यात.