बॅलेचा क्लास निवडताना

लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये वयाच्या ११व्या वर्षापासून नृत्य आणि शालेय शिक्षण एकत्र चालते. पण तिथे प्रवेश मोजक्यांनाच. बाकीचे पालक शाळेनंतरचा क्लास शोधतात आणि चौकशी करतात ती शिक्षकांच्या नावाची. माझ्या मते आधी घड्याळ पाहावे. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. क्लास रात्री ९ला सुटला, वर गृहपाठ, की झोपेला आणि जेवणाला कात्री लागलीच. हाडे भरण्याचे वय हेच. खाणे सतत अपुरे पडले तर मुलीची पाळी लांबते, हाडांना बारीक तडे जातात. सडपातळपणाचेच कौतुक होते तिथे हे लक्षात कोण घेणार? आणि १२ वर्षांच्या आतच मुलांना बोटांच्या टोकांवर नाचवणारा क्लास असेल, तर तो घराशेजारी असला तरी नको.