मास्तरांचा बोनस

गेल्या श्रावणात एका सोमवारी रजा टाकून गावी गेलो होतो. सत्तरीतलं आमचं गाव. देवळाकडे जाताना वाटेत सरकारी प्राथमिक शाळा लागते. मी तिथंच शिकलो. अकरा वाजले होते, तरी दाराला कुलूप. व्हरांड्यात दोन मुलं दप्तरं घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणाली, "टीचर मिटिंगेक गेल्या. आयज शाळा ना."

एकशिक्षकी शाळा. बाई मिटिंगला गेल्या, म्हणजे शाळाच मिटिंगला गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी हे सांगितलं, तर निकाल लगेच लागला. एक सहकारी म्हणाला, "सातव्या वेतन आयोगानं पगार भरपूर झालेत, म्हणून हे. मुलांच्या गुणांवर बोनस द्या, मग बघा कशा शिकवतात!" निवृत्तीला आलेले दुसरे एक दुखावले. "गुरूला पैशानं मोजायचं?"

मला दोन्ही पटलं नाही. वीस वर्षं मी पगाराची बिलं करतोय. वार्षिक वेतनवाढ एक महिना उशिरा लागली, की भलेभले सज्जन माझ्या टेबलापुढे कसे उभे राहतात ते मला ठाऊक आहे. शिक्षक त्याला अपवाद असावा अशी अपेक्षा आपण का करतो? पोर्तुगीज काळात गावोगावच्या मराठी शाळा लोकांनीच चालवल्या. तेव्हाही मास्तरांच्या पोटाची सोय गावाला पाहावी लागेच. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा तिथं आलेले मास्तरही पगारावरच आले होते. त्यांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही.

पण म्हणून गुणांवर बोनस द्यावा का? हा प्रयोग झालेला आहे. २००५ पासून तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी शाळांत तो केला. बोनस फार मोठा नव्हता, सरासरी वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढे गेली. ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही गेली. गंमत म्हणजे शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही. जे आले, त्यांनी आलेल्या दिवशी जास्त मेहनत घेतली. उलट इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार जवळजवळ दुप्पट केला, अट काही नाही. शिक्षक समाधानी झाले, मुलांचं शिक्षण होतं तिथंच राहिलं.

म्हणजे माझा सहकारी अगदीच चुकीचा नव्हता. बोनसनं फरक पडतो. पण आता आमच्या गावच्या शाळेत या. पहिली ते चौथी मिळून मुलं बारा. चौथीत तीन. समजा गेल्या वर्षी सरासरी ६० होती. यंदा दोघांना ६० मिळाले, तिसऱ्यानं तापात पेपर दिला आणि त्याला ३० मिळाले. सरासरी आली ५० वर. बाईंचं शिकवणं तेच, पण एका पोराच्या तापानं बोनस गेला. पुढच्या वर्षी तीन हुशार मुलं आली, की काही न करता बोनस मिळाला. हे कारकुनाचं गणित आहे, पण चुकीचं नाही. इतक्या लहान शाळेत गुणांवर बोनस म्हणजे लॉटरी.

आपल्या शाळांना जवळचा प्रयोग मला उदयपूरकडचा वाटतो. तिथं सेवा मंदिर ही संस्था खेड्यांत एकशिक्षकी शाळा चालवायची. २००३ मध्ये एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना कॅमेरे दिले. शाळा भरताना आणि सुटताना मुलानं शिक्षकाचा फोटो काढायचा आणि जितके दिवस शाळा भरली त्यावर पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. मुलंही जास्त शिकली.

पैसा शाळा भरण्यावर द्यावा, एवढं मी त्यातून घेतो. पण आमच्या बाई घरी झोपल्या नव्हत्या, सरकारी बैठकीला गेल्या होत्या. कधी बैठक, कधी मतदार याद्या, कधी माहितीचे तक्ते. तिथं बाईंवर कॅमेरा रोखून काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं असं. एकटीनं चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला दरमहा वेगळा भत्ता द्यावा आणि तो शाळा भरलेल्या दिवसांशी जोडावा. दिवसांची वही पालक-शिक्षक संघानं ठेवावी. ज्या दिवशी सरकारनंच त्यांना बाहेर बोलावलं, त्या दिवसाचा भत्ता कापू नये. तो दिवस वहीत सरकारच्या नावावर मांडावा. आणि आजूबाजूच्या पाच-सहा शाळांत मिळून एक राखीव शिक्षक ठेवावा, बाई बाहेर गेल्या की कुलूप उघडायला. खर्च होईल. पण वर्षअखेर त्या वहीतले सरकारच्या नावावरचे दिवस कुणी मोजले, तर बैठका आपोआप शाळा सुटल्यावर होऊ लागतील, असं मला सरकारी नोकर म्हणूनच वाटतं.

त्या दिवशी मी निघताना दोघांतल्या धाकट्यानं विचारलं, "फाल्यां येतली न्हय?"

येतील, म्हटलं. खरं तर मला काय ठाऊक? सरकारचा पैसा आधी या प्रश्नाच्या उत्तरावर खर्च व्हावा. गुणांचं नंतर पाहू.